खोलीत कोंडू नका, आधी डॉक्टरला दाखवा

ताई, धाकटा भाऊ रोज दारू पितो, वर झोपेसाठी अल्प्राझोलामच्या गोळ्या घेतो, आणि घरच्यांनी रविवारपासून त्याला आठवडाभर वरच्या खोलीत कोंडायचं ठरवलंय, असं तुम्ही लिहिलंत. हात जोडून सांगतो, हे होऊ देऊ नका.

दारू आणि या गोळ्या, दोन्ही मेंदूला सतत दाबून ठेवतात. महिनोन्‌महिने तसं चाललं की मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो. दाब एकदम काढला की तो सगळा जोर उसळतो. दारू बंद झाल्यावर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. घरचे म्हणतात पोट्टा नाटकं करतोय, किंवा बाहेरचं काही लागलं म्हणून अंगारा लावतात. यात माणूस दगावतो, ताई. गोळ्या अचानक बंद केल्याची फिट तर काही दिवस उलटल्यावरही येते.

मावसभावाचा गांजा घरी बसूनच सुटला, म्हणून सगळ्यांना धीर आलाय. गांजा सोडताना चिडचिड होते, झोप आणि भूक जाते, पण जिवावर सहसा बेतत नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोनची पावडर, उतरल्यावर मन इतकं खचतं की आत्महत्येचे विचार येतात, तिथे एकटं सोडायचं नाही. कोडीनचं खोकल्याचं सिरप किंवा ब्राऊन शुगर सोडताना अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात. खरा धोका नंतर. सहनशक्ती कमी झालेली असते आणि माणूस जुन्याच मापाने घेतो, मग श्वास थांबतो. प्रत्येक नशेची सुटका वेगळी आहे.

भावाला नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या, शक्यतो उद्याच. तोवर दारू-गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका. गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत घ्या आणि रोज किती घेतो ते खरं सांगा, डॉक्टर डोस त्यावरूनच ठरवतात आणि हळूहळू उतरवतात. गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-1 जीवनसत्त्व कमी असतं, ते न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, 108 ला फोन लावा. आज रात्री बोलायला कोणी हवं असेल तर 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर मोफत आहे.

बाबांना समजवायला जड जात असेल तर हे उत्तरच त्यांना वाचून दाखवा. आणि भाऊ गोळ्या कुठल्या ताकदीच्या, किती घेतो, ते इथे कळवा.