गोव्यातले गावडे, कुणबी, वेळीप मूळचे कुठले? खरेच इथले, की तेही बाहेरूनच आले?

मी वेळीप, केपे तालुक्यातला. हायस्कुलात गणित शिकवतो. इतिहास माझा विषय नाही, पण हा प्रश्न मला जन्मभर विचारला गेलाय आणि विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तर आधीच तयार असतं. तुम्ही तसे नसाल असं धरून लिहितो.

आमच्या शाळेत इतिहासाचे एक सर होते. पाठांतर जबरदस्त, सनावळी तोंडावर. 2003 साली गावडा, कुणबी आणि वेळीप अनुसूचित जमातींच्या यादीत आले आणि तेव्हापासून आमच्या स्टाफरूममधला चहा कडू झाला. “सर्टिफिकेट मिळालं म्हणून कोणी आदिवासी होत नाही,” हे वाक्य ते माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल असं म्हणायचे.

एकदा नववीची मुलं घेऊन आम्ही दोघं उसगाळीमळला गेलो. रिवणच्या पुढे कुशावतीच्या काठाला जांभ्याचा सपाट कातळ आहे, त्यावर शंभराच्या वर आकृत्या कोरलेल्या. वशिंडाचे बैल, हरणं, मोर, माणसं, आणि ते प्रसिद्ध वर्तुळात वर्तुळ असलेलं चक्र. 1993 साली अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं. आम्ही गेलो तेव्हा दुपारचं रणरणतं ऊन होतं, कातळावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तिथल्या माणसाने नदीतून कळशी भरून आणली आणि चक्राच्या कडेला ओतली. पाणी चरात शिरलं, एका फेरीतून दुसरीत वळलं, आणि बघता बघता सगळी आकृती काळीशार उठून आली. तोवर चिप्स खात उभी असलेली पोरं उकिडवी बसली, दोघातिघांनी चरातून बोट फिरवायला सुरुवात केली.

आणि नेमकं तेव्हाच सर बोलले. हे कोरणारे लोक केव्हाच नामशेष झाले, आताचे वेळीप-कुणबी मागाहून घाट उतरून आले, बाकी ही भूमी तर परशुरामाची. वर्गातल्या निम्म्या पोरांची आडनावं वेळीप आणि गावकर. एकानेही मान वर केली नाही.

केप्याला परत येईपर्यंत बसमध्ये आमचं जुंपलं होतं. मी एवढंच विचारलं, सर, तुम्हाला हे कळलं कसं? कातळावर मारलेल्या रेघेचं वय थेट काढता येत नाही. आकृतीची शैली, रेघेची झीज, आसपास सापडलेली हत्यारं यांवरून अंदाज बांधतात. म्हणून तर कोणी ही चित्रं मध्याश्मयुगातली म्हणतो, कोणी पार लोहयुगापर्यंत खाली आणतो. ज्याचा काळ ठरत नाही, ते कोरणारे गेले की राहिले हे कोण ठरवणार? आमचे पुढारी व्यासपीठावरून “ही चित्रं आमच्या पूर्वजांनी कोरली” असं ठोकून देतात तेही तितकंच पोकळ आहे, हे इथेच सांगून टाकतो.

परशुरामाचं म्हणाल तर ती कथा सह्याद्रिखंडात आहे. बाण मारला, समुद्र हटला, त्रिहोत्राहून ब्राह्मण आणून वसवले. कथा म्हणून झकास. पण दूधसागर नदीच्या खोऱ्यात पुराश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली आहेत. म्हणजे बाण सुटायच्या कितीतरी आधी इथे माणूस शिकार करून खात होता.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कुठून आले. एक जुनं मत असं की गावडे हे छोटा नागपूरकडच्या कोल-मुंडा लोकांपैकी. आमच्यातल्या शिकलेल्यांना हे फार आवडतं, कारण त्याने एकदम प्राचीन झाल्यासारखं वाटतं. गंमत बघा, जनुकशास्त्र सांगतं की मुंडा लोकांतला पुरुषवंशाचा मोठा भाग आग्नेय आशियातून आलेला आहे, तोही गेल्या चारेक हजार वर्षांत. म्हणजे जुनेपणा मिळवायला हे नातं जोडाल तर उलट अंगाशी येईल. दुसरं मत द्रविड मुळाचं, कर्नाटकातल्या गौडांशी नातं सांगणारं. ते भूगोलाला धरून आहे, पण नावं जुळली की नाती जुळलीच असं नसतं.

आणि मूळ म्हणजे तरी किती मागचं? 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणे भारतातले बहुतेक सगळे समाज साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळले. त्यात सरांचे पूर्वज आले, माझेही आले. प्रमाण कमीजास्त, एवढाच फरक. “मग तुम्ही पण बाहेरचेच ना,” असं सर यावर विजयी मुद्रेने म्हणाले होते. सर, सत्तर हजार वर्षं मागे गेलात तर सगळेच आफ्रिकेतले. हा नियम फक्त आमच्याच दारात का लावता?

मला विचाराल तर डीएनएपेक्षा गावातला मान जास्त बोलतो. आमची ग्रामदेवता सातेरी म्हणजे वारूळ. मोठं देऊळ कोणीही बांधलेलं असो, कितीतरी गावांत उत्सवात पहिला विधी गावड्याच्या किंवा वेळीपाच्या हातून व्हावा लागतो. नंतर आलेल्यांनी हा मान फुकटचा दिलेला नाही. अर्थात यावरून आधी कोण हे कळतं, किती आधी ते नाही.

कायद्याला तर तेवढंही लागत नाही. कोणती जमात यादीत घ्यायची याचे 1965 च्या लोकूर समितीने घातलेले निकष वाचा: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, बाहेरच्यांशी बुजरेपणा, मागासलेपणा. भाषा आजच्या कानाला टोचते, पण पहिला कोण आला हा निकष त्यात कुठेच नाही. वनहक्क कायदाही अनुसूचित जमातीच्या माणसाला विचारतो ते एवढंच, की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ती जमीन तू कसतोस का. काणकोण-सांग्यात काजूची झाडं दाखवत दावे भरणाऱ्यांना हा प्रश्न पुरेसा कठीण जातोय. वर दहा हजार वर्षांचा हिशोब मागू नका.

हो, धनगरांचं राहिलं. 2003 च्या यादीत ते आले नाहीत. त्यामुळे वनहक्कासाठी त्यांना त्याच तारखेच्या मागे तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. 1930 साल, पोर्तुगीज अंमल, गुरं घेऊन रानातून रानात फिरणारा माणूस. त्याच्याकडे कुठला कागद असणार? सरांना एकदा हे विचारलं होतं, तर म्हणाले तो माझा विषय नव्हे. तुमचा असेल तर वेगळा प्रश्न टाका, मला माहीत आहे तेवढं लिहीन. फक्त तो “कुठून आले” असा टाकू नका.