आजोबांच्या पहिल्या बायकोची फारकत कुठल्या कागदात सापडेल?

तुम्ही लिहिलंय की वंशावळ जुळवताना आजोबांची पहिली बायको १९४८ च्या सुमारास ‘सोडून गेली’ एवढंच कळतं, तर यवतमाळच्या कोर्टात घटस्फोटाचा कागद मिळेल का.

नाही मिळणार. हिंदूंना कोर्टातून घटस्फोट आपल्याकडे मिळू लागला तो मे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापासून. मुंबई प्रांतात १९४७ चा कायदा होता, पण आपण तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. १९५५ नंतरही कलम २९ ने रूढीची फारकत कायम ठेवली, त्यामुळं खेड्यातले बरेच लोक कोर्टाकडे फिरकलेच नाहीत. माझी आजी म्हणायची, “कोरटात कोन जाये बापू? चार लोकायत काडी मोडली अन झालं.”

काडी मोडली तरी कधीकधी कागद व्हायचा. आमच्या घरातली एक आजी अशीच सोडून गेलेली. तिची सोडचिठ्ठी लोखंडी पेटीत, जुन्या पावत्यांखाली निघाली. घड्यांवर फाटलेली, शाई तपकिरी पडलेली. तू कुठंही पाट (दुसरं लग्न) लाव, माझी हरकत नाही, अंगावरचे डाग, म्हणजे दागिने, परत मिळाले, बस. मजकुरात काही दम नाही. खरा ऐवज खाली, अंगठ्यांशेजारी लिहिलेल्या पंचांच्या नावांत. पाचांतले दोघं आमच्या गावचे नव्हतेच. ते तिचे भाऊबंद. तिचं माहेर कळलं ते त्यांच्या गावावरून.

मग माहेरच्या तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजी, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही पाहिली. जात पडताळणीसाठी लोक रोजच ती काढायला येतात, त्यामुळं नाव घेतलं की बाबूला कळतं. फक्त जन्माच्या नोंदीत पोरीचं नाव शोधू नका, कित्येकदा बापाच्या नावापुढं नुसतं ‘मुलगी’ असतं.

शेत असेल तर आजोबांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं चढल्याची नोंद काढा. पहिलीचं लेकरू असेल तर तिथं दिसू शकतं. फारकतनामा नोंदवला असेल तर तो दुय्यम निबंधकाकडे, चार नंबरच्या पुस्तकात. ते पुस्तक कुणालाही चाळू देत नाहीत, नक्कल मागायला आजोबांचे वारस असल्याचा पुरावा न्या.

आणि पुढचा शोध तिच्या जुन्या नावानं करू नका. पाट लागल्यावर आमच्या त्या आजीचं नावच बदललं होतं, आमचे तीन महिने तिथंच गेले.