१२ वर्षांच्या मुलाचं पोट सुटलंय, पण लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) ‘नॉर्मल’ आलंय. मग निश्चिंत राहावं का?

नाही, इतक्यात निश्चिंत होऊ नका. पण घाबरण्यासारखंही काही नाही.

तुम्ही दिलेले आकडे असे: उंची 148 सेंमी, वजन 56 किलो, कंबर 81 सेंमी. एकूण कोलेस्टेरॉल 165, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 96, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) 41, ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) 142. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि असे रिपोर्ट माझ्यासमोर सतत येतात. बऱ्याच रिपोर्टांत शेजारच्या रकान्यात मोठ्या माणसांच्या मर्यादा छापलेल्या असतात. त्यात ट्रायग्लिसराइड 150 च्या आत असलं की चालतं. 10 ते 19 वयात मात्र ते 90 च्या आत हवं. 130 किंवा त्याहून जास्त म्हणजे वाढलेलंच. एचडीएल 45 च्या वर हवं, तुमच्या मुलाचं काठावर आहे. एकूण कोलेस्टेरॉलच्या 165 मधून एचडीएलचे 41 वजा केले की 124 उरतात, म्हणजे ‘चांगलं’ सोडून बाकीचं सगळं कोलेस्टेरॉल. हा आकडा मुलांत 120 च्या आत असावा.

एलडीएल ठीक आणि बाकीचे आकडे बिघडलेले, असं चित्र जाड मुलांमध्ये नेहमीच दिसतं. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी यकृताकडे फॅटी ॲसिड पाठवत राहते. यकृत त्याचं ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडतं आणि त्यापाठोपाठ एचडीएल घसरतं. एलडीएलच 160-190 च्या घरात असतं, तर मी आधी आनुवंशिक कारण शोधलं असतं. ते बारीक मुलांतही सापडतं.

म्हणूनच मला वजनापेक्षा कंबर जास्त सांगते. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 25.6 येतो, म्हणजे या वयाच्या मुलांच्या तक्त्यात 95 व्या पर्सेंटाइलच्या वर, शंभरातल्या 95 मुलांपेक्षा जास्त. पण चरबी नेमकी कुठे आहे, हे बीएमआयवरून कळत नाही. कंबर भागिले उंची करा: 0.55. हे 0.5 च्या खाली असावं. माप पँटच्या पट्ट्याजवळ घेतलं असेल तर पुन्हा घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपा, दोन्हींच्या मधोमध टेप उघड्या अंगावर आडवा धरा, आवळू नका, आणि मुलानं सहज श्वास सोडला की आकडा वाचा. पोट आत ओढायला मुलं फार पटाईत असतात! हे एकांतात करा. चारचौघांत माप काढलेलं मुलांच्या मनाला फार लागतं.

मानेच्या मागची त्वचा काळपट, जाडसर झाली आहे का तेही बघा. तो मळ नसतो, घासून जात नाही. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. दिसली तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्तातली साखर, एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) आणि रक्तदाब तसेही तपासून घ्या. ट्रायग्लिसराइड जेवणानंतर चढतं, त्यामुळे काही आठवड्यांनी उपाशीपोटी पुन्हा रक्त द्या. औषधाचा विचार या आकड्यांवर मी करणार नाही.

घरात गोड पेयं आणि पाकिटातले ज्यूस आणणं बंद करा, सगळ्यांसाठीच. ट्रायग्लिसराइडवर याचा परिणाम लवकर दिसतो. रोज तासभर दम लागेल असं खेळू द्या. वजन घटवण्याच्या मागे लागू नका, त्याची उंची अजून वाढायची आहे. कंबर 81 वरच थांबली आणि उंची 162 च्या पुढे गेली, तरी तो 0.5 च्या खाली येईल.