अनेक वर्षांचं घर सोडून नव्या घरात आलोय, आईला अजिबात करमत नाही. काय करावं?

आधी तिची झोप बघा. परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा जागरूक राहतो, असं २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं. त्यामुळे सुरुवातीची रात्र तळमळण्यात गेली, तर त्यात वावगं काही नाही.

खरी अडचण अंगवळणी पडलेल्या सवयींची असते. जुन्या घरात अंधारातही हात बरोबर बटणावर जायचा, रात्री न्हाणीघरापर्यंत पाय आपोआप चालायचे. इथे प्रत्येक पाऊल विचार करून टाकावं लागतं आणि माणूस त्यानेच थकतो. म्हणून तिची खोली सगळ्यात आधी लावा. पलंग जुन्या खोलीत होता तसाच ठेवा, म्हणजे उठल्यावर दार त्याच हाताला येईल. उशाशी तोच दिवा, तेच घड्याळ. न्हाणीघराच्या वाटेत रात्रभर मंद उजेड हवाच, अंधारात वयस्कर माणूस पडण्याची भीती असते.

नवी चादर, नवं कपाट यांची घाई नको. स्वयंपाकघरातले डबे तिलाच लावू द्या, तुम्हाला ती मांडणी गैरसोयीची वाटली तरी.

आणि 'आता सवय होईल' हे वाक्य कृपया टाळा. तिला जुन्या घराबद्दल बोलायचं असेल तर बसून ऐका, रडली तर रडू द्या. मात्र काही आठवडे उलटूनही जेवण-झोप सुधारली नाही किंवा ती दिवस-वेळ विसरू लागली, तर डॉक्टरांना दाखवा.