आधी गेन कमी करा: थ्रॅशच्या रिदम टोनबद्दल तुमचे प्रश्न

ऐंशीच्या दशकातल्या थ्रॅशचा, म्हणजे वेगवान हेवी मेटलचा, रिदम टोन (रिदम गिटारचा आवाज) घरी कसा काढायचा, हा एकच प्रश्न नाशिकभरातून वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे सतत येतो. बहुतेक जण ऐकीव माहितीवर पैसे घालून बसल्यावर विचारतात, याचं वाईट वाटतं. म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकत्र.

मेटॅलिका बँडच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ अल्बमसाठी मेसा बूगीचा मार्क टू सी प्लस अँप वापरला होता असं वाचलं. तसा टोन हवा तर तोच अँप घ्यावा लागेल का? (कॉलेज रोड)

नाही. वाचलंत ते खरं आहे, पण सुरुवातीला कुठल्याही बऱ्या मॉडेलरमधलं (अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रातलं) त्याचं रूप पुरतं.

घरी टोन भरदार वाटतो: गेन (आवाज फाटवणारं, म्हणजे डिस्टॉर्शनचं बटण) पूर्ण, बेस आणि ट्रेबल दहावर, मिड्स (मधला आवाज) शून्यावर. पण अंबडच्या जॅम रूममध्ये ड्रम्स सुरू झाले की माझी गिटार ऐकूच येत नाही. शंभर वॅटचा अँप घेऊ का? (सिडको)

घेऊ नका. तीच चूक जास्त मोठ्याने ऐकू येईल. सगळी बटणं मध्यावर आणा आणि पुढचं नीट वाचा, कारण या एका गैरसमजापायी चांगली वाजवणारी मुलं हिरमुसताना मी पाहतो.

आवाज कमी असला की आपल्या कानाला खर्जातलं आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. म्हणून घरी आपण बेस-ट्रेबल चढवतो. जॅम रूममध्ये आवाज मोठा होतो, ती गरज संपते, बटणं मात्र तशीच राहतात. तिथे खालची जागा बेस गिटार आणि किक ड्रमने घेतलेली असते, वरची सिम्बल्सनी. गिटारची जागा मधली, आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने रिकामी केली आहे.

यावर ‘पण मेटॅलिका तर मिड्स काढूनच वाजवायची’ हे ठरलेलं उत्तर येतं. अर्धंच खरं आहे. त्या मार्क अँपमध्ये बेस-मिडल-ट्रेबलची बटणं डिस्टॉर्शनच्या आधी काम करतात. तिथे बेस जवळजवळ बंद ठेवतात, म्हणजे जाड तारेचा गढूळपणा पुढे जातच नाही. डिस्टॉर्शननंतर पाच पट्ट्यांचा ग्राफिक ईक्यू येतो, प्रत्येक पट्टी आवाजाचा एकेक भाग कमी-जास्त करते: ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झ. त्यातली ७५०ची पट्टी खाली ओढायची, कडेच्या वर. म्हणजे मिड्स कापले जातात ते आधीच घट्ट झालेल्या आवाजातून, तेही एका ठरावीक जागी. साध्या कॉम्बो अँपवरचं मिडल बटण शून्यावर नेणं ही वेगळीच गोष्ट झाली. आणि स्लेयर या दुसऱ्या थ्रॅश बँडचा १९८६चा ‘रेन इन ब्लड’ अल्बम ऐका. मार्शल अँपचे मिड्स समोर उभे आहेत. तो थ्रॅश नाही म्हणणार का?

आता गेन. गेन वाढवला की हळू आणि जोरात मारलेला फटका सारखाच ऐकू येतो. थ्रॅशचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) तर फटका आणि त्यानंतरची शांतता यांच्यातल्या फरकावर उभा असतो. रेकॉर्डवरचा जाडपणा गेनमधून आलेला नाही. ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्ये मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डने रिदमचे ट्रॅक स्वतः पुन्हा पुन्हा वाजवून एकावर एक चढवले. शीर्षकगीताचा वेग २१२ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला २१२ ठोक्यांच्या, आसपास आहे. त्या वेगात सलग आठव्या मात्रा फक्त खालच्या फटक्यांनी, म्हणजे सेकंदाला सात. ते हाताचं काम आहे, बटणाचं नाही.

घरी एवढं करा. गेन शून्यावर आणा. तळहाताची कड बरोबर ब्रिजच्या सॅडलवर (तारा ब्रिजवर जिथे टेकतात तिथे) टेकवा आणि जाड ई तार वाजवत राहा. कड थोडी पुढे सरकली की सूर मरतो, मागे गेली की तार मोकळी घुमते. दोन्हींच्या मधली जागा हाताला सापडू द्या. मग गेन सावकाश वाढवा आणि दोन फटक्यांमधली शांतता भरून यायला लागली की तिथून थोडा मागे या. तुमचा गेन तो. खूप कमी वाटेल. आठवडाभर तसाच ठेवा. एवढं करूनही गिटार हरवत असेल तर नवा अँप बघण्याआधी एखाद्या अनुभवी साउंड इंजिनियरला जॅम रूममध्येच बोलावून ऐकवा.

ट्यूब स्क्रीमर पेडल अँपच्या आधी लावतात तो कसा सेट करायचा? (इंदिरानगर)

ड्राइव्ह शून्य, लेव्हल जवळजवळ पूर्ण, टोन मध्यावर; तो बेस कापण्यासाठी लावायचा असतो, डिस्टॉर्शन वाढवायला नाही.

‘ओरिजिनल १९८६ टोन’ नावाचा प्रीसेट पॅक (मॉडेलरसाठीची तयार सेटिंग्ज) विकत घेतला, तरी रेकॉर्डिंग पातळ येतं. ट्रॅक कॉपी करून डावी-उजवीकडे टाकला, काही फरक नाही. (गंगापूर रोड)

फरक पडणारच नाही. एकच ट्रॅक दोन्ही बाजूंना सारखा टाकला की तो मधोमधच ऐकू येतो, फक्त मोठा. दुसऱ्यांदा खरोखर वाजवा. दोन टेकमधल्या बारीक फरकातूनच रुंदी येते. प्रत्येक टेकला गेन आणखी थोडा कमी ठेवा. प्रीसेट दुसऱ्याच्या गिटारवर, दुसऱ्याच्या हातासाठी बनवलेला असतो, हे विकणारा सांगत नाही. पुढच्या पॅकचे पैसे एखाद्या स्टुडिओत तासभर बसून शिकण्यात घाला.

अमेरिकेतल्या मावशीने ट्यूब अँप आणलाय. दुकानदाराने पिनेचा अडॅप्टर दिला. लॅपटॉप जोडला की घूं आवाज येतो, म्हणून मित्र म्हणाला तिसरी पिन काढून टाक. (नाशिकरोड)

अँप आत्ताच्या आत्ता बंद करा. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. अडॅप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो अँप मेनमधून किती वॅट ओढतो त्याहून मोठा हवा. हा आकडा स्पीकरकडे जाणाऱ्या वॅटपेक्षा बराच जास्त असतो.

तिसरी पिन कधीही काढायची नाही. आत बिघाड झाला तर करंट जमिनीत जायला तीच वाट आहे. ती तोडली तर तारांवर ठेवलेल्या हातातून जाईल. लॅपटॉप आणि अँप एकाच बोर्डवर लावून बघा, मग लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. चार्जर काढल्यावर घूं थांबला तर मधे ग्राउंड लिफ्ट असलेला डीआय बॉक्स (दोन यंत्रांच्या सिग्नल वायरमधलं ग्राउंड तोडणारी छोटी पेटी) घाला. जुन्या वाड्यांत आणि बऱ्याच जुन्या इमारतींत अर्थिंग नावापुरतं असतं, म्हणून परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घ्या. या आठवड्यातच. अँप स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले राहू शकतात.

मुलगा बँडमध्ये वाजवतो आणि गणपतीच्या आधी ढोलपथकातही जातो. तीन महिन्यांपासून कानात शिट्टी वाजते म्हणतो. गाणी सोडली की आपोआप बरं होईल असं शेजारी सांगतात. (पंचवटी)

ताई, तीन महिने थांबायला नको होतं. शेजाऱ्यांचं ऐकू नका, उद्याच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. गाणं सोडायचं की नाही हे डॉक्टर सांगतील. तोवर तालमीला इअरप्लग हवेतच, ढोलाच्या तर नक्कीच. कानात कापूस घालणं म्हणजे इअरप्लग नव्हे.

सर, मी दहावीत आहे. डाउनपिकिंगची प्रॅक्टिस केली की मनगट दुखतं. दुखलं तरी वाजवत राहिलं की हात तयार होतो ना? (सातपूर)

नाही रे. दुखलं की थांब. हात तयार होतो तो कमी वेगात, मेट्रोनोमवर, मनगट सैल ठेवून. विश्रांतीनंतरही दुखत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर आईबाबांना सांगून डॉक्टरांना दाखव, आणि तोवर गिटार पेटीत ठेव.

हेडफोनवर मॉडेलरचा आवाज कर्कश चरचरतो. (देवळाली कॅम्प)

कॅब सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची नक्कल) बंद असेल, चालू करा.

पावसाळा संपून थंडी लागली की फ्रेट्सवर तारा खरखरतात. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) स्वतः फिरवू का? (गंगापूर रोड)

पहिल्यांदा नको. नाशिकची कोरडी थंडी लागली की नेकचं लाकूड आक्रसतं, त्यामुळे ही तक्रार दरवर्षी येते. सेटअप करणाऱ्याकडे न्या आणि तो रॉड किती, कुठल्या बाजूला फिरवतो ते शेजारी उभं राहून बघा. रॉडचा नट घट्ट लागत असेल तर जोर लावू नका. रॉड तुटला तर दुरुस्ती गिटारच्या किमतीला जाऊन भिडते.