सीएचा दाखला खोटा निघाला तर इन्स्टिट्यूट काय करते?

तुमच्या भावाने एजंटामार्फत काढलेला नेटवर्थचा (मालमत्तेतून कर्ज वजा करून उरणाऱ्या रकमेचा) दाखला बँकेने खोटा म्हणून परत पाठवला. तुम्ही विचारता, "इन्स्टिट्यूट परीक्षा घेण्यापलीकडे करते काय?" बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही इन्स्टिट्यूट म्हणजे आयसीएआय, इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया. ती नुसती सीए लोकांची संघटना नाही. संसदेच्या 1949 च्या कायद्याने ती त्या वर्षीच्या 1 जुलैला उभी राहिली. कौन्सिलमध्ये सभासदांनी निवडून दिलेले 32 जण, सरकारने नेमलेले जास्तीत जास्त आठ. परीक्षा, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी), ऑडिटचे नियम हे सगळं ती बघतेच. पण तुमच्या कामाचं एवढंच, की सीएच्या सहीचा जाब विचारायचा अधिकार तिच्याकडे आहे.

आधी दाखल्यावरचा युडिन बघा, म्हणजे सीएने त्या कागदासाठी इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर काढलेला ओळख क्रमांक. दाखल्यांना तो 1 फेब्रुवारी 2019 पासून सक्तीचा आहे. माझ्याकडे एकदा असाच कागद आला होता. लेटरहेड, शिक्का, निळ्या शाईची सही, सगळं जागच्या जागी. युडिन अठरा अक्षरांकांचा असतो. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सीएच्या सभासद क्रमांकाचे. दाखल्याची तारीख 2023 ची आणि युडिनची सुरुवात 21 ने! पुढचे सहा अंकही शिक्क्यातल्या क्रमांकाशी जुळेनात. दुसऱ्याच कुणाचा तरी जुना युडिन उचलून चिकटवला होता. आकडे बरोबर दिसले तरी इन्स्टिट्यूटच्या युडिन पोर्टलवर टाकून बघाच, तिथे दाखल्याचा प्रकार आणि तारीखही दिसते. मात्र युडिन खरा म्हणजे आतली रक्कम खरी, असं समजू नका. कागद त्या सीएने नोंदवलाय, एवढंच त्यातून कळतं.

आता दोन वाटा. सही खऱ्या सीएची असेल आणि त्याने कागदपत्रं न बघता केली असेल, तर फॉर्म 1 भरून शिस्तपालन विभागाकडे तक्रार करा. दोष सिद्ध झाला तर समज, दंड, गंभीर प्रकरणात सभासदत्वसुद्धा जातं. सही-शिक्काच बनावट असेल तर आधी पोलीस ठाणं गाठा आणि ज्याच्या नावाचा शिक्का मारलाय त्या सीएला कळवा. त्या बिचाऱ्याला बहुधा पत्ताही नसेल.

भावाचे गेलेले पैसे इन्स्टिट्यूट मिळवून देणार नाही, तो तिचा अधिकारच नाही. शिवाय तक्रारी रेंगाळतात. सभासद म्हणून मला याचं वाईट वाटतं, कारण उशिराचा फायदा चुकणाऱ्यालाच होतो. सत्यम कंपनीतल्या हिशेबांच्या घोटाळ्यानंतर हीच ओरड वाढली, आणि 2018 मध्ये लिस्टेड व मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरांवर एनएफआरए हे वेगळं प्राधिकरण आलं. तुमच्यासारख्या दाखल्यासाठी दार अजून इन्स्टिट्यूटचंच.

एक करा, मूळ दाखला एजंटाला परत देऊ नका. "बदलून देतो" म्हणत तो मागायला येईल. बँकेने नाकारल्याचं लेखी घ्या आणि एजंटाला पैसे दिल्याचा पुरावा त्याला जोडून ठेवा.