साठ की आठ?

प्रिय बाळ,

आयसीयूत पोस्टिंग मिळाल्याचं कळलं. परवा फोनवर म्हणालीस, "मॅडम, ड्यूटी संपवून लोकलमध्ये बसले तरी कानात टिंगटिंग चालूच असतं." आणि हसलीस. मला काही हसू आलं नाही.

माझी पंधरा वर्षं ऑर्थोच्या ओटीत, म्हणजे हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. ड्रिल, करवत, हातोडा, सक्शन, वर सर्जन सरांची आवडती गाणी. कानांचा विचार कुणी केला नाही, मीही नाही. मग वॉर्डात आले. एकदा पेशंटच्या काखेत डिजिटल थर्मामीटर लावून उभी होते, तर मागून विद्यार्थिनी म्हणाली, "सिस्टर, कधीचा वाजला की." मला वाटलं, सेल गेला असेल. दुसरा आणवला. तोही माझ्यापुरता मुकाच.

त्याच महिन्यात राउंडला मास्कमधून ऑर्डर आली, औषधाचा पंप साठवर ठेवा. मी आठवर लावला. 'स'सारखे बारीक, हवेचे आवाज कानातून आधी जातात, आणि 'साठ'मधला 'स' गेला की उरतं काय? रेसिडेंटच्या लक्षात आलं म्हणून पेशंटचं निभावलं. माझी मात्र त्या रात्री झोप उडाली. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख काढला, तर 4000 हर्ट्झपाशी रेघ विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

म्हणून पहिलं काम, या महिन्यातच ऑडिओग्राम काढ. आदल्या रात्री ड्यूटी नको, हेडफोन नको, कान विसावलेले हवेत. कागद जपून ठेव. पुढे कधी कानाची तक्रार घेऊन मेट्रनकडे जावं लागलं, तर आधी कान कसे होते हे दाखवायला तोच उपयोगी पडेल. माझ्याकडे तो नव्हता, आणि "वयोमानाने होतं सिस्टर" यावर माझी बोळवण झाली.

आता घाबरू नकोस. आठ तासांसाठी 85 डेसिबल ही धोक्याची रेघ मानतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, 88 ला चार तास, 91 ला दोन. हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागलं, की रेघ जवळ आली समज. आयसीयू बहुधा तिच्या खालीच असतं. खरी भीती ऑर्थो ओटी, प्लास्टर रूमचा कटर आणि सीएसएसडीतली, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करतात तिथली, हवेची पिचकारी यांची. तिथे बदली झाली तर इयरप्लग माग, लाजू नकोस. आयसीयूत मात्र ते घालायचे नाहीत, अलार्म ऐकणं हेच तर तिथलं काम.

आयसीयूचा आवाज आधी खातो ते लक्ष. सारखं टिंगटिंग ऐकून खरा अलार्मही कानाआड होतो. म्हणून अलार्म बंद करायचा नाही, लिमिट त्या त्या पेशंटप्रमाणे डॉक्टरांना विचारून लावायची. मॉनिटरचे छातीवरचे इलेक्ट्रोड रोज बदल, त्वचा पुसून कोरडी करून लाव. बरीच किरकिर तिथेच थांबते. ट्रॉलीचं चाक कुरकुरलं तर मेंटेनन्सची वाट बघू नकोस, मी लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब सोडायचे. गेटवर पाटी असते, शांतता क्षेत्र, हॉर्न वाजवू नका. नियमाने दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल. आणि आत हँडओव्हरला आपणच बाजार भरवतो!

तोंडी ऑर्डर आली की आकडा फोडून परत म्हण, "साठ, सहा शून्य." कुणी वैतागलं तरी म्हण. अमिकासिन हे अँटिबायोटिक चालू असलेल्या पेशंटला कानात आवाज येतो का, हेही विचारत जा; ते औषधही कानावर जातं.

लोकलमध्ये गोंगाट बुडवायला इयरफोनचा आवाज चढवतेस ना? तो आधी बंद. टिंगटिंग सुट्टीतही गेलं नाही, तर थेट ईएनटीला दाखव.

ऑडिओग्रामचा फोटो पाठव. फोन केलास तर सावकाश, तोंडासमोर फोन धरून बोल. ओरडू नकोस, ओरडलं की मला अजूनच कमी कळतं.

तुझी,
जुनी इन्चार्ज